लग्नपत्रिका नव्हे, सापळा

महोदय,

गेल्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली. पाठवणारे मार्केट यार्डातले ओळखीचे हळद व्यापारी. त्यांचा नंबर आधीच कुणीतरी ताब्यात घेतलेला. फाइलच्या नावाशेवटी ‘एपीके’ होतं. म्हणजे पत्रिका नव्हे, अ‍ॅप! ते मोबाइलमध्ये घेतलं की मेसेज वाचायची परवानगी मागतं आणि बँकेचा ओटीपी परस्पर भामट्याकडे जातो. नातवाने वेळीच हात धरला, नाहीतर पेन्शन गेलीच होती. (पूर्वी पत्रिका अक्षतांसह दारात यायची, तेच बरं होतं.) पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, हे मला त्या दिवशी कळलं. पासबुकावर एवढा एक आकडा छापायला बँकेला काय जड आहे? कर्जाच्या जाहिरातींचे मेसेज मात्र दिवसाला चार येतात.

– एक निवृत्त शिक्षक, विश्रामबाग, सांगली