'डॉक्टर हू'चे हरवलेले भाग आणि घरोघरच्या कॅसेट

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

'डॉक्टर हू' या ब्रिटिश कालप्रवास-मालिकेवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडला. मात्र 1963 ते 1969 हा सगळा काळ लेखकाने 'जुने कृष्णधवल भाग' म्हणून दोन वाक्यांत उरकला, ते खटकले. मालिकेचा पाया त्याच वर्षांत घातला गेला आणि त्यातलेच सर्वाधिक नाहीसे झाले आहे.

पहिला भाग बीबीसीवर 23 नोव्हेंबर 1963 रोजी, म्हणजे केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी दाखवला गेला. दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौचे, लेखिका अतिया हुसेन यांचे चिरंजीव, वय 24. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट 27 वर्षांच्या. तेव्हाच्या बीबीसीत या दोघांकडे किती भुवया उंचावल्या असतील! लाइम ग्रोव्हचा जुना, अडचणीचा स्टुडिओ त्यांच्या वाट्याला आला. पहिले चित्रीकरण नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांना पसंत पडले नाही, तेव्हा अख्खा भाग या दोघांनी नव्याने केला. शीर्षकसंगीताची चाल रॉन ग्रेनर यांची, पण ते कानात घुमणारे अद्भुत रूप डेलिया डर्बीशायर यांनी दिले. हाताशी सिंथेसायझर नसताना एकेक स्वर ध्वनिमुद्रित करून, फितीचे तुकडे कापून-जोडून त्यांनी ते उभे केले. या सगळ्यांची नावे लेखात हवी होती.

हुसेन यांनी पुढे 'मार्को पोलो' ही कथा केली. पामीरच्या पठारापासून कुबलाईखानाच्या दरबारापर्यंतचा प्रवास, सात भाग, त्यांतले सहा त्यांच्या दिग्दर्शनाखाली. मुलांना गोष्टीतून इतिहास कळावा हा मालिकेचा मूळ हेतू इथे छान साधला होता असे म्हणतात. म्हणतात एवढेच, कारण सातपैकी एकही भाग आज उपलब्ध नाही.

हे आगीत किंवा पुरात गेले नाही. बीबीसीनेच पुसले. व्हिडिओ फीत महाग होती, ती पुन्हा वापरली जाई. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. रंगीत टीव्ही आल्यावर कृष्णधवल कोण बघणार, असेही वाटले. परदेशी विक्रीसाठी काढलेली 16 मिमीची रिळे हक्कांची मुदत संपली की नष्ट होत. विक्री विभागाला वाटे, बीबीसीचे फिल्म-ग्रंथालय जपत असेल, आणि ग्रंथालयाला वाटे, विक्री विभाग. 1978 च्या सुमारास हे थांबेपर्यंत बरेच हातचे गेले होते. हाँगकाँगहून काही रिळे परत आली, 2013 मध्ये नायजेरियातल्या जोस शहरात नऊ भाग सापडल्याचे जाहीर झाले. तरीही त्या वर्षांतले 90 हून अधिक भाग बेपत्ताच आहेत.

आवाज मात्र एकूण एक भागाचा शिल्लक आहे. शाळकरी मुलांनी, हौशी प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो उतरवून ठेवला होता. काहींनी तर टीव्हीसमोर मायक्रोफोन धरून, घरच्यांना गप्प बसवून. 'मार्को पोलो' आज ऐकता येते ते यांच्यामुळे.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण आपल्याकडचे आहे. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा' अशा कार्यक्रमांवर एक पिढी वाढली, पण त्यांतले फारच थोडे आज पाहायला मिळते. दूरदर्शनने आपल्या संग्रहात काय आहे आणि काय नाही, याची यादी जाहीर करावी, अशी माझी जाहीर विनंती आहे. काय नाही ते कळल्याशिवाय शोधणार तरी काय? उरलेले वाचकांकडे असू शकते. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर घरात आला तेव्हा नाटके, मुलाखती, गाण्यांचे कार्यक्रम अनेकांनी हौसेने रेकॉर्ड केले. पुढे वरून दुसरे काही भरलेले नसेल, तर ते अजून माळ्यावर असेल. आपल्या वृत्तपत्राने तसे आवाहन करावे.

एक सूचना. कोकणात, मुंबईत दमट हवेने फितीला बुरशी धरते. अशी कॅसेट उत्सुकतेपोटी घरी लावून बघू नये. फीत तुटते आणि यंत्राचे हेडही खराब होते. आधी जाणकाराकडून ती साफ करून घ्यावी.

आपला नम्र,
एक वाचक, ठाणे