आवाज म्हणजे नुसती देणगी नव्हे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला इटालियन डबिंग कलाकार एमानुएला पाकोत्तो यांच्यावरचा लेख वाचला. हा विषय घेतलात, त्याबद्दल आभार. पण ‘गोड गळ्याची देणगी’ म्हणून लेखकाने बाईंची अख्खी कारकीर्द गुंडाळून टाकली, त्याचा मनापासून राग आला.

‘वन पीस’ ही जपानी कार्टून मालिका इटलीत २००१ साली सुरू झाली, तेव्हापासून त्यातल्या नामीचा आवाज त्यांचा. ‘पोकेमॉन’मधली जेसी, ‘ड्रॅगन बॉल’मधली बुल्मा, ‘नारुतो’मधली साकुरा, इटालियनमध्ये या सगळ्यांचा आवाज त्यांचाच. जपानीत या चौघींना चार वेगळ्या अभिनेत्री लागल्या. जेसी तर निम्मा वेळ किंचाळतच असते, तिथे गोड गळा काय कामाचा?

रेकॉर्डिंगच्या बूथमध्ये कानात जपानी संवाद चालू असतो, डोळे पडद्यावरच्या ओठांवर, समोर कागद. ओठ मिटले की आपलं वाक्यही संपलं पाहिजे. मारामारीत तर शब्दच नसतात. धापा टाकायच्या, कण्हायचं, आपटल्याचा आवाज द्यायचा. आम्ही त्याला ‘एफर्ट्स’ म्हणतो. सकाळभर तेवढंच केलं की संध्याकाळी घरच्यांशी बोलवत नाही.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. मुंबईच्या एका स्टुडिओत मी एका जपानी मालिकेतल्या मुलाला हिंदीत आवाज दिला. पहिला भाग लागला तेव्हा लेक शेवटची पाटी सरकेपर्यंत टीव्हीसमोरून हलली नाही. जपानी नावं आली आणि गेली, आमच्यापैकी एकाचंही नाव नव्हतं. विचारलं तर उत्तर मिळालं, “नावं द्यायची पद्धत नाही. चेक मिळाला ना?”

रोमच्या ‘रोमिक्स’ मेळ्यात डबिंग कलाकारांचे जाहीर सन्मान झाले आहेत. २०२३ साली इटलीतले डबिंग कलाकार करारासाठी संपावर गेले, यंत्राने आवाजाची नक्कल करण्याचा प्रश्नही त्यांनी लावून धरला. लेखात यातलं काहीच नाही. आपल्याकडच्या कलाकारांनी वाचायला हवं होतं ते नेमकं हेच.

आणखी एक. अर्धं पान नामीच्या चित्राला दिलंत, पाकोत्तोबाईंचा साधा पासपोर्टएवढा फोटोही नाही. पुढच्या रविवारी तो छापावा.

– एक डबिंग कलाकार, गोरेगाव

ता. क. : पत्र छापल्यास माझं नाव देऊ नये. त्याच स्टुडिओंतून अजून काम मिळतं.