सीआरओची मान फोडण्याआधी एक दिवस द्या

महोदय,

सातारा जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनात मी एकतीस वर्षे प्रयोगशाळा सहायक होतो. निवृत्त झाल्यापासून गावच्या हायस्कूलमध्ये दर शनिवारी मुलांना इलेक्ट्रॉनिक्सची ओळख करून देतो. तिथे माझा स्वतःचा एक जुना, व्हॉल्व्हवर (म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांवर) चालणारा सीआरओ आहे. सीआरओ म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर रेघेने दाखवणारे उपकरण. हा पडदा म्हणजे आतल्या निर्वात काचेच्या ट्यूबचे रुंद तोंड; मागचा अरुंद भाग ती तिची मान. गेल्या पावसाळ्यात त्याची ट्यूब उतरत गेली. आधी रेघ फिकी पडली. मग ब्राइटनेस वाढवला की ती उजळायच्या ऐवजी जाड व्हायची, आणि फोकसची खुंटी कितीही फिरवली तरी टोक येईना. जुने टीव्ही मेकॅनिक याला ‘ट्यूब वीक झाली’ म्हणायचे. ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन सोडणारा भाग म्हणजे कॅथोड; त्यावरचा लेप दमला की असेच होते. कॅथोड तापवणाऱ्या हीटरचा व्होल्टेज थोडा वाढवून पाहिला. दोन शनिवार निभावले, तिसऱ्या शनिवारी पडदा पुन्हा अंधारला.

मला हवी होती डीजी ७-३२ या नंबरची ट्यूब. यातला ‘जी’ म्हणजे हिरवा पडदा आणि ७ म्हणजे पडद्याचा व्यास, सेंटिमीटरमध्ये. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली पालथी घातली. दोन रविवार जुन्या बाजारात उन्हात फिरलो. मग मुंबईला लॅमिंग्टन रोड. दुकानदार माणसे भली, पण गल्ल्यावरच्या तरुण मुलांनी अशी ट्यूब पाहिलेलीच नाही. एकाने आपुलकीने माळ्यावरून चौदा इंची टीव्हीची पिक्चर ट्यूब काढून दाखवली. ती इथे चालत नाही, कारण टीव्हीच्या ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा किरण वळवतात ते मानेभोवतीच्या तांब्याच्या कॉइलने. सीआरओच्या ट्यूबमध्ये काचेच्या आतच पट्ट्यांच्या दोन जोड्या असतात, एक आडवी हालचाल करणारी आणि एक उभी. बाहेरून कितीही सारख्या दिसल्या तरी दोघींची जातच वेगळी. एका ठिकाणी ७-३१ निघाली. आकडा एकानेच चुकला, पण तिच्यात एका जोडीच्या एका पट्टीचा व्होल्टेज स्थिर ठेवावा लागतो आणि माझ्या सर्किटमधून दोन्ही पट्ट्यांना उलटसुलट व्होल्टेज जातो. हात हलवत परतलो.

आणि मग, ज्याच्यासाठी हे पत्र लिहितो आहे ते पाहिले. आमच्याच भागातल्या एका भंगाराच्या गोदामात कुठल्याशा कॉलेजचे अकरा सीआरओ येऊन पडले होते. डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे सामानाच्या नोंदवहीत, लाल रेघ मारली, निर्लेखन झाले (वस्तू निकामी म्हणून नोंदीतून काढली), लिलाव झाला, किलोच्या भावाने माल गेला. काम करणारा मुलगा प्रत्येकाचे झाकण उघडायचा, ट्यूबवरचे धातूचे नळकांडे ओढून काढायचा (ते बाहेरचे चुंबकत्व अडवणाऱ्या म्यू-मेटल या मिश्रधातूचे असते, त्याला भाव येतो) आणि हातोडीचा एक टोला मानेवर घालायचा. फस्स! बस्स, संपले. ढिगात एक माझ्या सीआरओसारखाच जुना होता. ट्यूब हातात घेतली. बुडाशी शिक्का वाचला, ७-३२. मानेच्या आतल्या बाजूला चांदीसारखा चकाकणारा एक डाग असतो, त्याला गेटर म्हणतात. उरलासुरला वायू शोषून घेणे हे त्याचे काम. हवा आत शिरली की तो दुधासारखा पांढरा होतो. माझ्या हातातला डाग पांढरा होता. त्या मुलाचा काय दोष, त्याला जसे सांगितले तसे तो करत होता. पण मी अर्धा तास आधी पोचलो असतो तर!

कुणी म्हणेल, डिजिटल स्कोप (ट्यूब नसलेला नवा सीआरओ) घ्या. शाळेकडे तोही आहे, आणि मोजमापाला तो उत्तमच. पण १८९७ साली ब्राउन या शास्त्रज्ञाने स्ट्रासबर्गमध्ये अशी पहिली नळी केली, आणि त्याच वर्षी थॉमसन या शास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉन ओळखला. हे मुलांना नुसते सांगून उपयोग नाही. मी पडद्यावर मंद ठिपका ठेवतो आणि मुलीच्या हातात एक लोहचुंबक देतो. समोरून चुंबक जवळ आणला की ठिपका सरकतो. दुसरी बाजू पुढे केली की उलटीकडे पळतो. ‘सर, मी इलेक्ट्रॉन ढकलला?’ असे सहावीतल्या एका मुलीने विचारले होते. हो, तूच ढकललास.

ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांत प्रयोगशाळेतली उपकरणेही धरली आहेत. ते योग्यच आहे. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते, ते ओढ्याकाठी पडू नये. पण नोंदणीकृत केंद्राकडे पाठवण्याआधी चालू भाग काढून ठेवायला काय हरकत आहे? बहुतेक सीआरओ ‘नादुरुस्त’ ठरतात ते पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमुळे नाहीतर सिलेक्टर स्विचच्या गंजामुळे. ट्यूब धडधाकट असते. तंत्रशिक्षण संचालनालयाने महाविद्यालयांना आणि तंत्रनिकेतनांना एवढेच कळवावे, की निर्लेखनाच्या यादीत सीआरओपुढे ट्यूबचा नंबर लिहा आणि लिलावाआधी ती यादी जवळच्या शाळांना दाखवा.

आपल्या वाचकांत प्राध्यापक, भांडारपाल, भंगार व्यावसायिक असतील. पुढच्या यादीत ‘सीआरओ, नादुरुस्त, ६ नग’ अशी ओळ दिसली तर कृपया हातोडीला एक दिवस थांबवा आणि गावच्या विज्ञान शिक्षकाला निरोप द्या. सातारा, सांगली, कोल्हापूर यांपैकी कुठेही मी स्वतः येईन. ट्यूब काढण्याची अवजारे आणि गुंडाळायला जुनी गोधडी माझी मी आणीन, आणि किलोचा जो काही भाव असेल तो तिथेच मोजून देईन.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, जि. सातारा