बोअरचा भुगा फेकू नका

मा. खनिकर्म मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना

सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यात सोनं म्हटलं की लोकांना गुप्तधन आठवतं. हंडा, अमावस्या, लिंबू. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ ला झाला, तरी रात्री कुठल्या ना कुठल्या पडक्या वाड्यात कुदळ वाजतेच. मी लिहितोय ते सोनं कुणी पुरलेलं नाही. ते खडकात, गारेच्या म्हणजे पांढऱ्या क्वार्ट्झ दगडाच्या शिरेत बसलेलं असतं. चांगल्या खाणीतही टनामागे काही ग्रॅम.

आपल्या बहुतेक भागात काळा पाषाण आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. विहीर खोदताना त्यात चकाकणारी गारगोटी निघते, ती शोकेसमध्ये ठेवायची. जुना खडक त्याच्या खाली. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटरचं बोअर घेतलं, त्यात वरचे सुमारे ३३८ मीटर नुसता काळा पाषाण निघाला.

आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर-बिलोलीकडे मात्र हा थर संपतो आणि जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. अशाच जुन्या खडकांच्या मुलखात, कर्नाटकातल्या रायचूर जिल्ह्यात, हट्टीची सोन्याची खाण आजही चालू आहे. १९५६ पर्यंत ते आणि आपण एकाच हैदराबाद राज्यात होतो. म्हणून इथेही सोनं असेलच असं नव्हे. हट्टीचं सोनं हिरवट खडकाच्या अरुंद पट्ट्यात आहे. तसा पट्टा आमच्या मातीखाली दडलाय का, एवढंच बघायचं.

२०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर सोन्याचांदीसारख्या खोलवरच्या खनिजांच्या शोधासाठी वेगळा परवाना आला. कंपन्या येतील तेव्हा येतील. दर उन्हाळ्यात आमच्या शिवारात बोअरच्या गाड्या मात्र हमखास फिरतात. माझ्या रानात तीन बोअर झाले, तिन्ही कोरडे. (पाणाड्याने तिन्ही वेळा नारळ फिरवला होता.) तिसऱ्यात दोनशे फुटांपुढे भुगा एकदम पांढरा आला. "गार लागली," गाडीवाला म्हणाला. पहिल्याच पावसात तो ढीग ओढ्याला गेला. कुणी काही लिहून ठेवलं नाही, मीही नाही, आणि मी भूगोलाचा मास्तर!

साहेब, या दोन तालुक्यांत एवढंच करा: दर दहा फुटांना मूठभर भुगा पिशवीत, वर गट नंबर आणि खोली. तपासणी नागपूरच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाने करावी. कुठला खडक, पाणी किती फुटांवर, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावं. शेजाऱ्याचं चौथं कोरडं बोअर तरी वाचेल.

मार्चमध्ये गाड्या सुरू होतात. पिशव्या त्याआधी पोचाव्यात.

कळावे,
देगलूर तालुक्यातला एक निवृत्त शिक्षक