आमच्या ऑर्गनवाल्या काकांस

आदरणीय काका,
सा. न.

सावरकर नाट्यगृहात आमच्या कॉलेजच्या 'संगीत सौभद्र'चा प्रयोग झाला आणि दिग्दर्शक म्हणून कौतुक सगळं माझ्या पदरात पडलं. त्यातलं निम्म्याहून अधिक तुमचं आहे. रत्नागिरीतल्या नाटकवेड्यांनाही ते कळावं, म्हणून हे पत्र जाहीर लिहितोय.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली रंगभूमीवर आणलेल्या या नाटकात मूळची पदं शंभराच्या वर. आमच्या हातात जेमतेम अडीच तास, आणि गाणारी मुलं बीएस्सी-बीकॉमची; बहुतेकांचा गळा भजनात आणि गणपतीच्या आरत्यांत तयार झालेला. कोणतं पद ठेवायचं, कोणतं गाळायचं? तुम्ही म्हणालात, "सर, पद गाळून पुढचं वाक्य वाचा. वाक्य लंगडलं तर पद ठेवा." या एका कसोटीवर संहिता भराभर बसत गेली.

मग पट्टीचा, म्हणजे कोणी कुठल्या सुरातून गायचं याचा, प्रश्न आला. सुभद्रा काळी पाचला गाणार, अर्जुन काळी एकला, आणि पदं जवळजवळ. तुम्ही तबलजीला दोन तबले लावून ठेवायला सांगितलंत आणि मधल्या संवादाखाली नव्या पट्टीचा षड्ज, म्हणजे 'सा', अगदी हलका धरलात. प्रेक्षकांच्या तो लक्षातही आला नाही, अर्जुनाला मात्र बरोबर मिळाला. गद्य संपून पद उचलायचं, ती जागा नवख्या नटाला सगळ्यात अवघड. तिथे सूर चाचपडला की भूमिकाही हातची जाते. आमच्या एकाही पोराची गेली नाही, काका.

वन्स मोअरचीसुद्धा तुम्ही तालीम घेतलीत! पद पुन्हा म्हटल्यावर कुठल्या वाक्यावर यायचं, तोवर नजर कुठे ठेवायची. प्रयोगात सुभद्रेला खरोखरच वन्स मोअर मिळाला आणि ती पोर तसूभरही विचलित झाली नाही.

भर पावसात राजापूरहून टेम्पोतून ऑर्गन आणायचा म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. वर ताडपत्री, आत गोधड्या, तरी दमट हवेने दोन स्वरपट्ट्या फुगून अडकल्याच. तुम्ही त्या काढून कडा पॉलिशपेपरने घासल्यात, जागेवर बसवल्यात आणि चहा निवायच्या आत पायांनी भाता मारत तालमीला बसलात. मानधनाचा विषय काढला तर "पोरांच्या नाश्त्याला घाला" म्हणालात. पोरांनी तेव्हा मान खाली घातली होती. ती तुमच्यावर किती जीव लावून आहेत, हे तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल.

पुढच्या वर्षी देवलांचं १८९९ सालचं 'संगीत शारदा' करावं म्हणतोय. पैशांच्या लोभाने बाप लहान पोर म्हाताऱ्याला द्यायला निघतो, हे वाचूनच मुली पेटल्यात. ऑर्गनसाठी वरच्या मजल्यावरची कोरडी खोली प्राचार्यांकडून मागून घेतली आहे, दमट हवा लागू नये म्हणून आत बल्बही लावलाय. संहिता पोस्टाने पाठवतोय. पेन्सिल घेऊन वाचा आणि गाळायच्या पदांवर खुणा करून ठेवा.

काकूंना नमस्कार.

आपला,
नाट्यमंडळाचा दिग्दर्शक, रत्नागिरी