दोन नाणी उडवायला दोन पिरियड द्या ना

संपादक साहेब, नमस्कार.

माझी भाची यंदा दहावीत आहे. परवा संभाव्यतेचा धडा घेऊन बसली होती, मी सहज विचारलं की दोन नाणी एकदम उडवली तर एक छापा एक काटा यायचा चान्स किती? म्हणे मामा, तीनच गोष्टी होऊ शकतात, दोन्ही छापे, दोन्ही काटे नाहीतर एक-एक, म्हणजे 1/3. आणि हीच पोरगी नमुना अवकाश, म्हणजे होऊ शकणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी, घडाघडा लिहून दाखवते, चार घटक, एकही चूक नाही! ते चार कुठून आले हे मात्र डोक्यात शिरलेलंच नाही.

मग तिला गच्चीवर नेलं. एक रुपयाचं नाणं अन् एक पाचाचं, मुद्दाम वेगवेगळी घेतली, 40 वेळा उडवली, ती उडवून राहिली अन् मी वहीत लिहून राहिलो. दोन्ही छापे 9 वेळा, दोन्ही काटे 10 वेळा, एक-एक 21 वेळा! वही हातात घेऊन बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली, अरे मामा, रुपयाला छापा पाचाला काटा हे वेगळं आणि रुपयाला काटा पाचाला छापा हे वेगळं ना.

पोरगी ढ नाही हो. फ्रान्सचा द-आलंबेर केवढा मोठा गणिती, त्यानं 1754 मध्ये विश्वकोशात लिहिलं की दोनदा नाणं उडवून निदान एक छापा यायची संभाव्यता 2/3. पहिल्यांदाच छापा आला तर पुढे उडवायचं कशाला, म्हणून त्यानं छापा, काटा-छापा, काटा-काटा अशा तीनच निष्पत्ती धरल्या. पण पहिल्याची संभाव्यता अर्धी, बाकी दोघींची पाव-पाव, त्यामुळे खरं उत्तर 3/4. अनुकूल (म्हणजे हव्या त्या) निष्पत्ती भागिले एकूण निष्पत्ती हे सूत्र निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या, असल्या तरच चालतं, आणि वर्गात नेमकं हेच वाक्य घाईत वाचून सोडून देतात.

बीजगणिताच्या सहा धड्यांत हा पाचवा, तिथं पोहोचेपर्यंत पूर्वपरीक्षा डोक्यावर असते, शिक्षकांची अडचण मला कळते. तरी नागपुरातल्या सगळ्या गणिताच्या सरांना अन् मॅडमना हात जोडून विनंती आहे, फक्त दोन पिरियड द्या. वर्गात 50 पोट्टे असले अन् प्रत्येकानं 20 वेळा जोडी उडवली तर 1000 होतात, सगळ्यांचे आकडे फळ्यावर एकत्र करत जा, एक-एकवाल्या जोड्या निम्म्याच्या आसपास येताना पोरांना स्वतःच्या डोळ्यानं दिसेल. शाळेनं बोलावलं तर नाणी घेऊन मी येतो.

एक मामा, मानेवाडा, नागपूर