डॉक्टर, तुम्ही तिला विचारलंत

आदरणीय डॉक्टर,

लेकीचा आखूड राहिलेला डावा पाय लांबवण्यासाठी तिच्या मांडीभोवती बसवलेल्या रिंगा परवा निघाल्या. घरी आल्यावर ती कितीतरी वेळ तारांच्या खुणांवरून नुसता हात फिरवत बसली होती. तेव्हापासून हे पत्र लिहायला घेतेय आणि दर वेळी पहिल्या ओळीलाच डोळे भरून येतात.

पहिल्यांदा आलो तेव्हा मी तुमच्या टेबलावर जाडजूड फाईल ठेवली होती. तुम्ही ती लगेच उघडली नाहीत. तिला बूट-मोजे काढायला सांगितलंत आणि स्वतः खाली फरशीवर बसलात. तिच्या डाव्या पायाखाली एक लाकडी ठोकळा सरकवलात. त्यावर दुसरा, मग एक पातळसा. दर वेळी मान वर करून विचारत होतात, "आता? सरळ वाटतंय?" मला नाही, तिला. तिने डोळे मिटून जरा अंदाज घेतला आणि म्हणाली, "हां, आता." चार सेंटिमीटर झाले होते. दोन्ही टाचा टेकलेल्या, गुडघे सरळ, कंबर कुठेही कललेली नाही, अशी उभी असलेली माझी मुलगी मी नऊ वर्षांत पहिल्यांदा बघत होते.

त्याआधी काय काय ऐकलं! "वाढीत भरून निघेल." "सवय लागलीये तिला तसं चालायची." एकांनी तर ती खुर्चीत बसलेली असतानाच गोळ्या लिहून दिल्या. तिला चालून दाखव असंही कुणी म्हटलं नाही. तान्हेपणी तिच्या गुडघ्यात पू झाला होता, तो कागद फाईलमध्ये सगळ्यात वर होता. तो वाचून तुम्हीच आम्हाला समजावलंत की मांडीच्या हाडाची सुमारे 70 टक्के वाढ गुडघ्याजवळच्या टोकाला होते आणि तिथलीच वाढीची चकती त्या संसर्गात दुखावली होती. उजवा पाय वाढत राहिला, डावा मागे पडत गेला. वाढीत भरून निघणं तर सोडाच, वाढ होत होती म्हणूनच अंतर पडत होतं. आमची ती वर्षं कोण परत देणार? हा राग अजून गेलेला नाही, आणि तो गेला पाहिजे असंही मला वाटत नाही.

ऑपरेशनचं मी काही लिहीत नाही, ते तुम्हाला माहीतच आहे. पण आदल्या संध्याकाळी तुम्ही तिच्या पलंगाशी बसून तिला कुर्गानची गोष्ट सांगितलीत. सैबेरियातल्या त्या गावात इलिझारोव्ह नावाच्या डॉक्टरांनी 1950च्या दशकात रिंगा आणि तारा लावून हाड हळूहळू लांबवायची ही पद्धत घडवली. उंच उडीतला विश्वविक्रमवीर ब्रुमेल याचा पाय 1965 साली मोटरसायकलच्या अपघातात चिरडला, तोही त्यांच्याकडेच गेला आणि पुन्हा उडी मारायला लागला. त्या रात्री तिला झोप लागली, मला नाही.

मग पान्याने रिंगा फिरवून हाड रोज 1 मिलिमीटर लांबवायचं, तेही चार वेळा पाव-पाव करून. तिसऱ्या आठवड्यात तिने पाना माझ्या हातातून काढून घेतला. "माझा पाय आहे, मी फिरवणार." हे बळ तिला कुठून आलं, ते मला ठाऊक आहे. तिच्या पायाबद्दल आधी तिलाच विचारायचं असतं, हे तिने त्या फरशीवर शिकून घेतलं होतं. गुडघा वाकवायच्या व्यायामाला ती रडायची, पण थांबायची नाही.

तुम्ही आम्हाला खोटा धीरही दिला नाहीत. वाढ पुरी होईपर्यंत अंतर पुन्हा पडेल आणि कदाचित पुढे उजव्या पायाची वाढ वेळेवर थांबवावी लागेल, हे पहिल्याच दिवशी सांगितलंत. इतकं खरं बोलणारा माणूस भेटला की भीतीसुद्धा अर्धी होते. हुशार डॉक्टर आम्हाला आधीही भेटले होते. लहान मुलासमोर गुडघे टेकून बसणारा भेटला नव्हता.

पुढच्या महिन्यात एक्स-रे घेऊन येतोय. तिने निरोप दिलाय, ठोकळे काढून ठेवा म्हणून. ते आता लागत नाहीत, हे तिला तुमच्यासमोर उभं राहून दाखवायचंय.

तुमची ऋणी,
तिची आई